१४ किलोची मुलगी, १२ मिलिग्रॅमची गोळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलं की पोरांनी धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, झोपायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर चोपडा तालुक्यात. गेल्या आखाजीला आम्ही तिघी बहिणी आणि भावाची पोरं असा सगळा गोतावळा जमला होता. दिवसा निंबाच्या झाडाला झोके, गौराईची गाणी, आमरस आणि खापरावरचे मांडे. रात्री धाब्यावर दोन गोधड्या अंथरल्या की सहा पोरं एकमेकांच्या अंगावर हातपाय टाकून झोपायची. भावाचा मुलगा तेव्हाच पोट खाजवत होता. घामोळं असेल म्हणून आम्ही पावडर लावली आणि विसरलो.

माझी मुलगी पाच वर्षांची. सासरी परतून महिना उलटल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ती रात्री उठून बसायला लागली. दिवसा खेळायची, जेवायची, आणि अंथरुणाला पाठ टेकली की खाज सुरू. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ. आधी उष्णता म्हटलं, मग आंबे बाधले म्हटलं. सासूबाईंनी निंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली. चौथ्या दिवशी मी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दुकानदाराने पुरळ पाहिली नाही, "खाजेची आहे, लावा" एवढंच म्हणाला. दोन दिवस खरंच बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुरळ मांड्यांवर आणि पाठीवर गेली. ही खरूज होती आणि त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, हे मला पुढे कळलं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, कातडीतला खरजेचा किडा मरत नाही. वर पुरळीचं रूप असं बदलतं की पाहणाऱ्यालाही चटकन ओळखता येत नाही. मी प्राथमिक शिक्षिका आहे, वर्गातल्या पालकांना औषधं विचारून देत जा असं सांगते, आणि स्वतःच्या मुलीला मात्र दहा दिवस ती ट्यूब चोळत राहिले. याचं मला अजून वाईट वाटतं.

जून संपता संपता जाऊबाईंचा नऊ वर्षांचा मुलगा खाजवायला लागला. त्याने इतकं खाजवलं की कमरेवरचे फोड पिकले. मग त्यांच्या दहा महिन्यांच्या बाळाच्या तळपायांवर पुरळ दिसली. "रातभर खाजवस व माय, आंग सोली टाकं पोरनी," सासूबाई रोज सकाळी म्हणायच्या. त्यांच्याही हातांवर तेच आलं होतं. घरातली नऊ माणसं, आणि रात्री कुणाचाच धड डोळा लागत नव्हता.

एका संध्याकाळी जेठ, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, चोपड्याहून आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आले. हे नाव आमच्याकडे कोरोनात घराघरांत पोचलं होतं. त्या आजारावर तिचा उपयोग सिद्ध झाला नाही, पण नाव मात्र राहिलं. खरजेवर ती चालते, हे जेठांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पट्टीवर १२ मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. दुकानात त्यांना एकच प्रश्न विचारला गेला: पोरांचं वय किती? नऊ आणि पाच म्हटल्यावर, मोठ्याला एक द्या, लहानीला अर्धी द्या, असं सांगून मोकळे.

"अर्धी दी टाक तिले. काही व्हत नही," जेठ माझ्या नवऱ्याला म्हणाले. पोरांच्या काळजीनेच ते बोलत होते, दिवसभर शेतात राबून वीस किलोमीटर गाडी मारून आले होते. तेवढ्यात शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या गोठ्यात बैलांच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली होती, त्यात औषध हेच. "गोळी कशाले? चमचाभर पाजा, जनावरले चालस तं माणूसले नही चालाव का?" असं ते अगदी आपलेपणाने म्हणाले.

मी भांड्यात पाणी घेतलं होतं. पट्टी हातात होती. मुलगी ताटकळून उभी होती, आणि गोळी दिली की आज ही झोपेल, एवढाच विचार डोक्यात होता. मग तिच्याकडे पाहिलं. ती मुळातच बारीक चणीची. तिच्या वयाच्या इतर मुली तिच्यापेक्षा बोटभर उंच दिसतात. पाच वर्षांच्या मुलीला अर्धी, हे त्या दुकानदाराने कुठली पाच वर्षांची डोळ्यांसमोर ठेवून सांगितलं, असं मनात आलं आणि मी पट्टी कपाटावर ठेवून दिली. घरात थोडी तणतण झाली. नवरा म्हणाला, एक रात्र काढू, सकाळी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेऊ.

सकाळी एसटीने आम्ही सगळ्या पोरांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी काही न विचारता तिघांना एकेक करून वजनकाट्यावर उभं केलं, बाळाला जाऊबाईंसकट. पुतण्या २६ किलो. माझी मुलगी १४ किलो २०० ग्रॅम. बाळ साडेसात. आकडे कागदावर लिहून मगच त्यांनी पुरळीला हात लावला. लहानसं भिंग मुलीच्या बोटांच्या बेचक्यात धरलं आणि मला बघायला बोलावलं. कातडीत पेन्सिलीने ओढल्यासारखी राखाडी नागमोडी रेघ होती. किड्याची मादी कातडीच्या वरच्या थरात असा बोगदा करत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. ती अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला धाब्यावरची गोधडी आठवली. खाज नसतानाच्या त्या मधल्या महिन्यात ती पुतण्याच्या कुशीत झोपत होती, बाळाला कडेवर घेऊन फिरत होती.

मी पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्या क्षणी थोडी भीतीच वाटली, डॉक्टर रागावतील म्हणून. ते रागावले नाहीत. त्यांनी कागद घेऊन गणित मांडलं. खरजेसाठी ही गोळी वजनाच्या दर किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. पुतण्याच्या २६ किलोला ५.२ मिलिग्रॅम, म्हणून त्याला ६ मिलिग्रॅमची एक गोळी पुरे. पट्टीतली एक गोळी त्याच्या मात्रेच्या दुप्पट झाली असती. मुलीसाठी तोच हिशेब केला तर २.८ येतात, आणि अर्धी गोळी म्हणजे ६. "पण ताई, हिच्यासाठी हा हिशेबच करायचा नाही. १५ किलोच्या खाली ही गोळी मी देत नाही."

का, ते त्यांनी समजावून सांगितलं, आणि मला तो भाग फार मोलाचा वाटला. आयव्हरमेक्टिन किड्याच्या मज्जातंतूंना लुळं पाडतं. माणसाच्या मेंदूतही त्याला पकडायला जागा आहेत, पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो आणि त्या पडद्यावरचं एक प्रथिन हे औषध आत शिरलं की परत बाहेर ढकलत राहतं. कोली जातीच्या काही कुत्र्यांमध्ये हे प्रथिन नीट बनत नाही, म्हणून त्यांना याची जास्त मात्रा दिली की ती लडखडतात, बेशुद्ध होतात, मरतातसुद्धा. फार लहान मुलांत हा पडदा किती भरवशाचा आहे याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. काही वेळा, दुसरा उपायच चालत नसेल तर, तज्ज्ञ डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली १५ किलोखालच्या मुलांनाही देतात. तो निर्णय त्यांचा. ओट्यावर बसून आम्ही घ्यायचा नव्हता.

शेजारच्या काकांच्या बाटलीचं मी हळू आवाजात विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जनावरांच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा १ टक्का औषध असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा. मुलीच्या पोटात ५० मिलिग्रॅम गेलं असतं, शिवाय त्या बाटलीत जे द्रावक असतात ते माणसाने प्यायचे नसतातच. कुणी चुकून दिलंच तर काय दिसेल, तेही त्यांनी सांगितलं. उलट्या, पेंगणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं, झटके. असं काही दिसलं तर मीठपाणी पाजून उलटी करवत बसायचं नाही, १०८ला फोन करायचा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. हे सगळं मी घरी येऊन आधी काकांना सांगितलं. त्यांनी ती बाटली पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

मला आणखी एक शंका होती. शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनाची गोळी सगळ्या पोरांना देतो, मी स्वतः वाटते. मग ही वेगळी कशी? ती अल्बेंडाझोल, पोटातल्या जंतांसाठी, ४०० मिलिग्रॅमची चावून खायची, आणि एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून पाण्यात. ती वयावरून देता येते, कारण आतड्यातून ती रक्तात फार कमी शिरते आणि तिच्या सुरक्षिततेचा अनुभव मोठा आहे. खरजेच्या किड्यावर ती घरी देत बसण्यात अर्थ नाही. दोन्हींना गावात "किड्यांची गोळी" म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

मुलीला, बाळाला आणि घरातल्या सगळ्या मोठ्यांना परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम. पुतण्याला आधी पिकलेल्या फोडांसाठी प्रतिजैविक, आणि मलमासोबत ती ६ मिलिग्रॅमची गोळी, जेवणानंतर. त्याच्या बाबतीत डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा बजावली. पिकलेल्या खरजेतले जंतू कधीकधी पुढे मूत्रपिंडाला सूज आणतात. लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली तर त्याच दिवशी यायचं. सासरे रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन घेतात म्हणून त्यांना गोळी नको, जाऊबाई बाळाला अंगावर पाजतात म्हणून त्यांनाही मलमच.

मलम म्हणजे सोपं काम, असं मला वाटलं होतं. नऊ माणसांना एकाच रात्री मलम लावणं हे लग्नाच्या पंगतीइतकं नियोजनाचं काम निघालं. एकाने आज, एकाने उद्या असं केलं तर किडा या अंगावरून त्या अंगावर परत येतो. शनिवार ठरवला. संध्याकाळी साध्या पाण्याने आंघोळी, अंग पूर्ण कोरडं होऊन गार पडेपर्यंत थांबायचं, कारण गरम आंघोळीनंतर लगेच लावलं तर औषध कातडीतून जास्त आत जातं. सगळ्यांची नखं कापली. रात्री ९ वाजता सुरुवात. मोठ्यांना मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, एकही जागा न सोडता: काखा, बेंबी, बोटांची बेचकी, नखांच्या कडा, जांघा. खाज असेल तिथेच लावून चालत नाही. बाळाला मात्र डोक्यालाही, कपाळ आणि कानांच्या मागेही, डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडून. बाळ हात चोखतं म्हणून त्याच्या हातांना सुती मोजे बांधले. जाऊबाईंनी पाजायच्या आधी छाती स्वच्छ धुतली आणि पाजून झाल्यावर तिथे परत लावलं. मुलीला रात्री शू लागली, हात धुतले, की परत हाताला मलम. रविवारी सकाळी ८ वाजता आंघोळी. ८ ते १४ तास ठेवायचं, आमचे ११ झाले.

सासूबाई लावून घ्यायला तयार नव्हत्या. "मले काय व्हस आते या वयमा," म्हणत होत्या. शेवटी नातीनेच त्यांच्या पाठीला मलम लावलं.

गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, उशांचे अभ्रे चुलीवरच्या हंड्यात कडक गरम पाण्यात काढले आणि उन्हात टाकले. गोधड्या धुणं शक्य नव्हतं. त्या खताच्या रिकाम्या, धुतलेल्या प्लॅस्टिक गोण्यांत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवल्या. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, त्यामुळे घरभर फवारे मारायची गरज नव्हती. जेठांनी कापसाच्या फवारणीचा पंप काढायची तयारी केली होती, तो मी हात जोडून थांबवला.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागली. घरात आणि गल्लीत सूर निघाला की हे सातपुड्यातून कामाला आलेल्या मजुरांनी आणलं. आमच्या शेतावर पावरा कुटुंबं दरवर्षी येतात, त्यांची पोरं आमच्या अंगणात खेळतात. खरं तर आमच्याच पोरांकडून त्यांना गेलं असण्याची शक्यता जास्त होती, कारण त्यांची मुलं आली तेव्हा नितळ होती. अस्वच्छतेने खरूज होत नाही, कातडीला कातडी लागून होते, रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी ओट्यावर सगळ्यांदेखत सांगितलं. आमच्या शेतावरच्या दोन मुलांना खाज आहे का ते जाऊन विचारलं. एकाला होती. त्याच्या आईवडिलांना घेऊन नवरा त्याच डॉक्टरांकडे गेला आणि त्याच्या मलमाचे पैसे आम्ही दिले.

माहेरी फोन करणं त्याहून जड गेलं. वहिनी आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, आमच्याकडे दोन महिन्यांपासून आहे. सांगायची लाज वाटत होती." तिनेही पोरांना तसलीच एक ट्यूब लावली होती. त्यांना अमळनेरला डॉक्टरांकडे जायला सांगितलं. आधी वजन करून घ्या, हे मी फोन ठेवता ठेवता तीनदा बोलले. दोन्ही घरांनी मलमाचा शनिवार एकच धरला, कारण बहिणीच्या मुलांची ये-जा दोन्हीकडे होती.

पाचव्या दिवशी माझा धीर सुटला. मुलगी परत रात्री खाजवत होती. औषध लागू पडलं नाही असं वाटून मी मलमाचं टोपण परत काढलंही होतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात, शरीर त्यांच्यावर चिडलेलं असतं, खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. मलम परत परत लावलं तर कातडी सोलवटून नवीच खाज सुरू होईल. खाजेसाठी त्यांनी एक साधं औषध दिलं, तेही वजनाप्रमाणे. जवळजवळ सगळी माणसं नेमकी इथे चुकत असावीत. आपल्याला खाज थांबणं म्हणजे बरं होणं वाटतं, आणि थांबली नाही की आपण मात्रा वाढवतो.

आठवड्याने दुसरी फेरी केली. गोळी अंड्यांना मारत नाही, ती फुटून निघालेल्या पिल्लांना गाठायला पुतण्याला दुसरी गोळी हवीच होती. पहिल्या रात्री गोळी घेतल्यावर त्याला थोडं गरगरलं आणि मळमळलं होतं, सकाळपर्यंत गेलं. दुसऱ्या वेळी वरण-बट्टी खाऊन घेतली, काही झालं नाही. मी पंधरा दिवस रोज सकाळी त्याच्या लघवीचा रंग विचारत होते. तो वैतागायचा, पण सांगायचा.

पहिल्या मलमानंतरच्या दिवसापासून पोरं शाळेत जायला मोकळी होती. मी तरी वर्गात सगळ्यांचे हात पाहिले. तीन पोरांच्या बेचक्यात तशीच पुरळ दिसली. पालकांना वर्गात सगळ्यांसमोर बोलावलं नाही, संध्याकाळी घरी गेले. एका घरात कपाटावर तीच १२ मिलिग्रॅमची पट्टी होती, दोन गोळ्या संपलेल्या. कुणी घेतल्या विचारलं तर मोठ्या माणसांनी घेतल्या होत्या. मी तिथेच खाली बसले, पाय गळाले होते. मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्यायला त्यांनी कबूल केलं आणि दुसऱ्या दिवशी गेलेही.

आमची पट्टी नवऱ्याने दुकानात परत नेली. भांडला नाही. चिठ्ठीशिवाय ही गोळी देऊ नका, आणि निदान पोरांचं वजन तरी विचारत जा, एवढं सांगून आला.

जुलै अखेर मुलगी सलग झोपायला लागली. गणपतीपर्यंत काळे डाग फिकट झाले. कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा एक दिवस संध्याकाळी अंगणात काटा लावलेला होता, मजुरांच्या गाठोड्यांची मापं चालली होती. पोरं त्यावर चढायला बघत होती. जेठांनी गाठोडी बाजूला सारली, तिघांना एकेक करून काट्यावर घेतलं आणि खोलीच्या आतल्या भिंतीवर, औषधांच्या फळीशेजारी, खडूने तारीख घालून लिहिलं: २७. १४.९. ८.८.